मधलं स्टूल

एप्रिल अर्धा सरला की सोलापुरात दुपारी एकच्या पुढं रस्ता नुसता पांढरा दिसतो. गिऱ्हाईक येत नाही, आलंच तर पाणी मागायला येतं. म्हणून नवी पेठेमागच्या गल्लीतल्या ईरप्पांच्या स्टुडिओचं शटर एक वाजता निम्म्यावर यायचं आणि चारला पुन्हा वर जायचं. आत पंखा, माठ आणि ईरप्पा. सातवीत शाळा सुटली, पण त्यानंतर पन्नास वर्षं माणूस रोज काहीतरी शिकत आला. वैराग-माढ्याच्या बाजारात तंबू ठोकून फोटो काढण्यापासून सुरुवात, मग स्टुडिओ, मग लग्नाचे अल्बम, आणि आता आठ दिवसांपूर्वी मुंबईहून आलेला मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा. शंभर मेगापिक्सेल. पेटीतून काढताना ईरप्पांनी त्याला हळद-कुंकू लावलं आणि मुलीला, प्रियदर्शनीला, म्हणाले, "पियू, मी एकशेवीसच्या रोलवर हात बसवला. मोठा निगेटिव्ह. मधली तीस वर्षं लहान कॅमेऱ्यांनी आपल्याला फिरवून आणलं, आता परत घरी आलो बघ."

कॅमेरा घ्यायला कारण होतं. गावातल्या एका जुन्या विणकर घराण्याकडं भिंतीवर लावायच्या जेकार्डच्या ऐंशी नक्षी होत्या, त्यांचं मोठं पुस्तक निघणार होतं. अट एकच, लाल तो लालच दिसला पाहिजे. विटकरी नको, शेंदरी नको. आणि हा लाल कॅमेऱ्यात नसतो, असं पियूचं म्हणणं.

"रॉ म्हणजे कच्चा माल, अप्पा. धुवायचा राहिलेला रोल समजा. सॉफ्टवेअर तो धुतं. प्रत्येकाचं रसायन वेगळं."

"मग कुठलं घ्यायचं?"

"तीन आहेत. एक कॅमेऱ्याच्या कंपनीचं, फुकट. एक दरमहा भाड्याचं. आणि एक विकतचं, एकदाच पैसे भरायचे, पण चालतं बैलगाडीसारखं. तिन्ही पंधरा दिवस वापरून बघता येतात."

ईरप्पांची खरेदीची एक रीत होती. अल्बमचा कागद असो नाहीतर लेकीसाठी स्थळ, तिन्ही माल एकाच दिवशी, एकाच उजेडात शेजारी शेजारी मांडायचे. विकणाऱ्याला बोलू द्यायचं आणि आपण मालाकडं बघत बसायचं. इथंही तेच ठरलं. एकच फोटो काढायचा आणि तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा.

फोटोसाठी घरची माणसं बरी. त्यांची थोरली बहीण अक्कम्मा, वय ऐंशी. आईच्या मागं ईरप्पांना तिनंच वाढवलं, आणि पियूची आई गेल्यावर पियूलाही. एका खुर्चीवर ती, शेजारच्या खुर्चीवर पियू. एक म्हाताऱ्या कातडीचा नमुना, एक तरुण. लालसाठी दोघींच्या मांडीवर एक नवी चादर पसरली. राहिला काळा. सावलीत हे सॉफ्टवेअर कुठवर बघू शकतं, हे कळायला काहीतरी गडद काळं हवं होतं. ईरप्पांनी माळ्यावरून एक जुनी घोंगडी काढली, झटकली, आणि अक्काच्या मागं, तिच्या पलीकडच्या अंगाला, उजेड जाणार नाही अशा कोपऱ्यात एका स्टुलावर ठेवली.

अक्काचं लक्ष पटकन गेलं. "ईरू, ते काय ठेवलंस रं माज्या मागं?"

"घोंगडी गं. काळ्याची परीक्षा आहे."

"घोंगडी हाय ती कळलं मला. रिकाम्या स्टुलावर कशाला? कुणाला बसायला घालतूयस?"

"आत्या, एवढं बघू नकोस, नाक वर येतंय," पियू हसली.

"माजं नाक मी जन्मल्यापास्नं वरच हाय. फोटोत आमी दोगीच नव्हं?"

"दोघीच की."

"मग काढ. आन् एकच काढायचा. दुसरा म्हणलास तर इल्ला म्हणजे इल्ला, न्हाईच, उटून जाईन."

अक्काच्या ह्या "दोगीच" मागं जुनं कारण होतं. तिघांचा फोटो काढू नये, मधला जातो, ही गोष्ट त्या काळी बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत होती. ईरप्पांचे गुरू अण्णाराव ह्यांनी त्यावर तोड काढली होती. तिघं आले की ते शेजारी एका स्टुलावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचे. "हा चौथा," म्हणायचे. गिऱ्हाईकही खूश, धंदाही चालू.

ईरप्पांनी एकदाच तांब्या ठेवला नव्हता. वैरागचा बाजार, वय पंचवीस, डोक्यात नवी हवा. सांगोल्याकडचे तीन धनगर भाऊ मेंढरं घेऊन त्या बाजूला उतरलेले. थोरला येडू, हसरा माणूस, त्यानं तांब्याबद्दल विचारलंही होतं. "मालक, चौथा कुटं हाय?" ईरप्पा म्हणाले होते, "अरे, कॅमेऱ्याला मोजता येतं होय? बस मधी." येडू बसला. फोटोची खूण म्हणून स्वतःची घोंगडी तंबूत ठेवून गेला, "पुढल्या बाजारी फोटू नेतू, तवा दे माजी." पुढल्या बाजारी धाकटा भाऊ एकटा आला. येडू विहिरीत पोहऱ्यामागं वाकला आणि गेला होता. फोटो नको म्हणाला. घोंगडीही नको म्हणाला.

हे ईरप्पांनी अक्काला आणि पियूला कधी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माळ्यावरून घोंगडी काढताना त्यांना आठवलंही नव्हतं, कुठली ती. चाळीस वर्षांत वस्तू आपली होऊन जाते.

एक फोटो निघाला. दोघी जेवायला घरी गेल्या. शटर निम्म्यावर आलं. ईरप्पांनी डब्यातली भाकरी तशीच ठेवली आणि संगणकासमोर बसले.

पहिलं, कंपनीचं.

फाइल सावकाश उघडली. अक्काच्या गालावरची प्रत्येक सुरकुती, पियूच्या कपाळावरचा घाम, चादरीची वीण. ईरप्पांना भरून आलं. लाल थोडा फिका, पण प्रामाणिक. मग त्यांनी सावलीची पट्टी उजवीकडं सरकवली. कोपऱ्यातला अंधार पातळ झाला आणि घोंगडी दिसू लागली.

ती घडी घालून ठेवलेली नव्हती. उभी होती. खांद्यावर घेतल्यावर पडते तशी तिला वर एक गोलाई आणि दोन्ही बाजूंना उतार आला होता.

"घडी सुटली असेल," ईरप्पा स्वतःशी म्हणाले आणि मागं वळून बघितलं. स्टुलावर घोंगडीची चौकोनी घडी होती तशी होती.

त्यांनी फोन लावला. "पियू, स्टूल आपण कुठं ठेवलं होतं गं?"

"आत्याच्या मागं, कोपऱ्यात. का?"

"काही नाही. जेवलात?"

"जेवतोय. आत्याला आत्ता जोराचा ठसका लागला. घास अडकला होता. पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं..." मागून अक्काचा घोगरा आवाज आला, "सांग त्याला, मेले न्हाय म्हणावं. कडक भाकरी करायला सांगून लेकाचा डबा घिऊन तितंच बसलाय."

ईरप्पा हसले. फोन ठेवला. पडद्यावर बघितलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. घोंगडी, मग अक्का, मग पियू. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. मधे अक्का येत होती.

त्यांनी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. दुकानदार माणूस, वहिवाट सोडत नाही. दुसऱ्या मालाकडं वळले.

भाड्याचं सॉफ्टवेअर. ह्यात लाल असा उठला की पियूनं तिथंच उडी मारली असती. डाळिंबाचा दाणा फोडल्यासारखा. ईरप्पांनी सावलीला हात लावायचं नाही असं ठरवलं होतं. पण हात लावायची गरजच पडली नाही. अक्काच्या मागचा कोपरा मोकळा होता. स्टूल पियूच्या बाजूला होतं, तिच्या पलीकडं.

फोटो उलटा उघडला असेल. होतं असं. त्यांनी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. अक्षरं सुलटी होती. अक्का तिच्याच जागी, पियू तिच्याच जागी. फक्त स्टूल इकडून तिकडं गेलं होतं, आणि घोंगडीच्या वरच्या अंगाला आता दाट काळं काहीतरी होतं, मुंडासं बांधल्यावर डोकं दिसतं तेवढं.

वास आला. ओल्या लोकरीचा. पाऊस खाल्लेलं मेंढरू जवळून गेलं की येतो तो. बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन होतं.

फोन वाजला. पियूच होती.

"अप्पा... तुम्ही हाक मारलीत का आत्ता?"

"मी? मी दुकानात आहे."

"जिन्यात कुणीतरी हाक मारली. मी खाली बघायला वाकले आणि... कठडा हलतोय आपला. अप्पा, थांबा हं, मला जरा..."

"पियू, मागं सर. मागं सर आधी!" ईरप्पांनी फोनवर ओरडता ओरडताच दुसऱ्या हातानं खिडकी बंद केली.

तिकडं पायरीवर चप्पल घासल्याचा आवाज आला. मग पियूचा नेहमीचा आवाज आला. "एवढं काय ओरडताय? बसले मी पायरीवर. ऊन लागलं असेल."

ईरप्पांनी माठातलं पाणी प्यायलं.  भीती होती, पण ती हिशेबासारखी समोर मांडलेली होती. घोंगडी कुठली, ते आता आठवलं होतं. येडू आला होता. त्याला बसायला स्टूल आणि अंगावर घ्यायला त्याचीच घोंगडी आपणच दिली. दोघींचा फोटो तिघांचा झाला, आणि चौथा ठेवलेला नव्हता.

फाइल पुसून टाकावी? कर्सर तिथवर गेला. पण अण्णारावांची एक ताकीद होती, अंधाऱ्या खोलीतली. डेव्हलपरच्या रसायनात उतरलेला रोल अर्ध्यावर सोडून उठायचं नाही आणि फेकायचा तर मुळीच नाही. धुतलेला फोटो एका जागी बसतो. न धुतलेल्यातला माणूस कुठंही हिंडतो. तेव्हा ईरप्पांना वाटायचं, म्हातारा रसायन वाया जाऊ नये म्हणून सांगतो. आता पडद्यावर त्यांनी एकाच रोलमधल्या माणसाला दोन जागी बघितलं होतं.

म्हणजे कच्चं आहे तोवरच काही करता येणार होतं. धुवायचं हे नक्की. कशात धुवायचं एवढंच आपल्या हातात.

तिसरं सॉफ्टवेअर उघडायला त्यांनी बराच वेळ घेतला. बैलगाडीच ती. पट्टी सरकत होती, थांबत होती. ईरप्पा पडद्याकडं न बघता अक्काचा विचार करत होते. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची, आणि हे चार महिन्यांचे. शेजारणीच्या शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं तिनं. आणि पियूला तर उद्या हा सगळा पसारा चालवायचा होता. ह्या दोघींत निवड कर म्हटलं तर माणूस कुठं बोट ठेवणार?

फोटो उघडला.

स्टूल मधे होतं. दोन खुर्च्यांच्या बरोबर मधे, थोडं पुढंच. आधी तिथं फूटभरही जागा नव्हती, आता होती. घोंगडी पांघरून तो बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, बाजारात बसवला होता तसाच. चेहरा काळाच होता. एका बाजूला अक्का नाक वर करून, दुसऱ्या बाजूला पियू ओठ दाबून हसत. दोघी कडेला. मधे तो.

ईरप्पांनी मोठा श्वास सोडला. मधला जातो म्हणतात ना? मग जो गेलेलाच आहे, त्याला बसू दे मधे. ह्याहून चोख व्यवहार त्यांना पन्नास वर्षांत सुचला नव्हता.

"बस, येडू," ते हळूच म्हणाले. "ह्या वेळी तूच बस."

लाल शेंदरीकडं झुकत होता. असू दे. त्यांनी फोटो पक्का करून साठवला, मोठ्या कागदावर छापला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून अण्णारावांच्या जुन्या डब्यात टाकलं. वास गेला होता. भाकरी खाल्ली.

चार वाजता पियू आली तेव्हा प्रिंट टेबलावर होता.

"अप्पा, घोंगडी मधे कधी आणलीत? मला तर मागं आठवते." तिला तिथं नुसतं स्टूल आणि घोंगडी दिसत होती. "आणि लाल बघा, हा काय लाल आहे? टोमॅटो झालाय. भाड्याचं घेऊ या आपण."

"विकतचं घ्यायचं."

"पण अप्पा..."

"लाल आपण बसवू. नमुन्याचा कागद घेऊन रंग जुळवता येतो म्हणालीस ना? महिना लागू दे. पण सॉफ्टवेअर हेच. आणि हा एक फोटो दुसऱ्या कशात उघडायचा नाही."

पियूनं वडिलांकडं बघितलं. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना शेवटचा भाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा. तिनं विकतच्याचे पैसे भरले. लाल खरोखरच बसला, तीन आठवड्यांत. ऐंशीतल्या पन्नास नक्षी झाल्या. विणकरांचे थोरले येऊन पडद्यावरच्या लालावर बोट ठेवून "हाच" म्हणून गेले. अक्का ठणठणीत. जिन्याचा कठडा ईरप्पांनी लोखंडी करून घेतला.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. पियूनं सकाळी चढवली, नेहमीचं काम म्हणून, आणि दुपारी जेवायला घरी गेली, आज परत यायची नव्हती. शटर निम्म्यावर. रोज एकदा तो फोटो उघडून बघायची ईरप्पांना सवय लागली होती. उघडला, तर फोटोवर एक चौकट आली.

हा फोटो जुन्या पद्धतीनं धुतलेला आहे. नव्या पद्धतीनं धुवायचा का? खाली हो आणि नाही. आणि कसा दिसेल ते कळावं म्हणून दोन छोटी चित्रं, जुनं आणि नवं.

जुन्यात तिघं होते. नव्यात दोघी. मधलं स्टूल रिकामं, घोंगडीसुद्धा नाही.

ईरप्पा बघत राहिले. एक बटण, आणि सुटका. पुन्हा दोघींचा फोटो. बोट "हो" वर गेलं. किती वेळ तिथं राहिलं कुणास ठाऊक, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पंखा फिरत होता. वास अजिबात नव्हता, आणि तेच त्यांना खटकलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं की कळतं, आणि उठून गेलं की तेही कळतं. माल न घेता उठलेलं गिऱ्हाईक सरळ घरी जात नाही. दुसरं दार बघतं.

स्टुलावर नाही, तर मग तो आत्ता कुठं आहे?

त्यांनी "नाही" दाबलं. चौकट गेली. मधलं स्टूल भरलं. घोंगडीची कड ओली दिसत होती, आणि चेहऱ्याच्या काळ्यात, जिथं तोंड असावं तिथं, काहीतरी चमकत होतं. पाण्याचा थेंब चमकतो तसं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा अक्का दारातच पाय पसरून शेंगा फोडत बसली होती.

"ईरू, दुपारी कुणाला धाडलं हुतंस रं?"

"कुणाला? कुणालाच नाही."

"मग तो घोंगडीवाला? मी आन् पियू हितंच बसलो हुतो, उंबऱ्याच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला ती. तो येऊन मधी उबा ऱ्हायला. म्हणला, मालकांनी फोटू धुतला का? एवढ्या उन्हात घोंगडी पांघरलेली. मला कीव आली, तांब्या भरून दिला."

ईरप्पांनी दाराची चौकट धरली. "मग?"

"मग काय. पानी निम्मं प्याला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला, आन् मागनं कुणी हाक मारल्यासारका वळला नि गेला. लई हसरा माणूस, पर. पियूला विचार."

पियू आतून म्हणाली, "मी म्हटलं चारला दुकानात जा, अप्पा भेटतील. नाव विचारेपर्यंत गेला."

उंबऱ्यावर, दोघींच्या मधोमध, तांब्या होता. निम्मा.

तो तांब्या ईरप्पांनी कुणाला उचलू दिला नाही. सॉफ्टवेअर ती चौकट रोज दुपारी दाखवतं आणि ईरप्पा रोज "नाही" दाबतात. पियूनं ते कायमचं बंद करायची खूण शोधली, सापडली नाही. रात्री निजण्याआधी ईरप्पा स्वतःच्या हातानं तांब्या काठोकाठ भरतात आणि उंबऱ्यावर ठेवतात. सकाळी तो निम्मा असतो. उकाडाच तसा आहे, पाणी आटतं, असं पियू म्हणते, आणि ईरप्पा मान हलवतात. उरलेलं पाणी ते अंगणातल्या तुळशीला न घालता गल्लीच्या कडेला ओततात, कारण त्यावर रोज लोकरीचा एक काळा केस तरंगत असतो.